फुकट गेमपेक्षा जुना गेम बरा!

यंदा भाऊबीजेला सिडकोत दादाकडे जमलो होतो. ओवाळून झालं, फराळ झाला, पाकिटात किती घातलेत यावरून दरवर्षीची थट्टाही झाली. तेवढ्यात पुण्याहून आलेला माझा भाचा सगळ्यांसमोर म्हणाला, "आत्या, अजून तो प्रिन्सच खेळतेस का गं? अगं, छत्तीस वर्षं जुना गेम आहे तो! त्यातला माणूस बोटाएवढा दिसतो. गरिबांचे गेम आहेत ते."

सगळे हसले. वहिनी म्हणाली, "वन्सं, आता जपमाळ ओढायचे दिवस, आणि तुम्ही..." पुढचं वाक्य तिनं चकलीबरोबर खाऊन टाकलं.

मीही हसले. पण रिक्षातून घरी येताना तो शब्द डोक्यातून जाईना. गरिबांचे गेम. चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला एक खोड असते. वर्गात उत्तर सुचलं नाही, तर दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर लिहून दाखवायचं. तर मंडळी, हा माझा फळा. भाचेबुवा, तुम्हीही वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना उठून जाता येईल. ज्याचे पैसे एकदाच द्यावे लागतात आणि जो कधीतरी संपतो, तो गेम स्वस्त. ज्याला शेवटच नाही तो महाग, मग त्याच्यावर 'मोफत' अशी केवढीही मोठी पाटी लावा. आणि एकदाच पैसे घेऊन शेवटपर्यंत खेळू देणारे गेम माझ्या खिशाला परवडतील अशा भावात हवे असतील, तर जुन्याकडेच वळावं लागतं. मी जुने गेम खेळते ते आठवणी काढायला नाही. माझ्या तरुणपणी कुठले आलेत व्हिडिओ गेम! मी मराठवाडा विद्यापीठातून मराठी घेऊन बी.ए. झाले तेव्हा आमच्या गल्लीत टेलिफोनसुद्धा एकच होता.

आता हे 'मोफत' प्रकरण. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही. (वाचलंस की फोन करून ओरडू नकोस गं.)

हे २०१९ साली गेले. पाठोपाठ लॉकडाऊन आला. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ हा वेळ खायला उठायचा. शाळेत असताना याच वेळात वह्या तपासायची, नंतर आम्ही दोघं फिरायला जायचो. मुलीनं दिलेल्या फोनवर एक गेम होता. सारखी फळं एका ओळीत जुळवायची. नाव सांगत नाही, असे शंभर आहेत. पहिले पंधरा-वीस डाव इतके सोपे की मला वाटलं, वा, आपण हुशार आहोत. मग एक डाव अडला. पाच जीव संपले. आता थांबा, नाहीतर ८९ रुपये द्या. एकोणनव्वद रुपये म्हणजे काय हो, दोन जुड्या मेथी आणि एक नारळ. दिले. चार दिवसांनी पुन्हा अडला. पुन्हा दिले. एकदा तर रात्री अकरा वाजता १७९ दिले, कारण त्या दिवशी यांचा वाढदिवस होता आणि मला झोप येत नव्हती.

पाच महिन्यांनी बँक उघडी मिळाली तेव्हा पासबुक भरून आणलं. लाल पेन घेऊन बसले, बेरीज केली. चार हजार तीनशे सतरा. दोनदा केली, तेवढीच आली. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्याच वर्षी मी काटकसर म्हणून तीनऐवजी दोनच दिवाळी अंक घेतले होते.

त्यावर पुष्कळ विचार केला. मला कुणी फसवलं नव्हतं. कुणी ओटीपी मागितला नव्हता. प्रत्येक वेळी मीच बोट टेकवलं होतं. पण तो डाव मुळात जिंकण्यासाठी मांडलेलाच नव्हता. मला जिंकता येऊ नये इतका अवघड, आणि आता जिंकणारच असं वाटत राहावं इतका सोपा, एवढ्या मापानं तो कापलेला होता. असा प्रश्न मी परीक्षेत काढला असता तर मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं असतं. आणि त्या गेमला शेवट नव्हता. दोन हजारावी पातळी आली की दोन हजार एकावी. मरेपर्यंत फळं जुळवा.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. फार चांगलं झालं, रमीच्या जाहिरातींनी वीट आणला होता. पण माझ्या फळांच्या गेमला त्यानं काही धक्का बसत नाही. तिथे पैसे 'लावत' नाहीत, नुसते 'देतात'. परत काही मिळण्याची आशाच नसल्यामुळे तो जुगार नाही!

या बाबतीत मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? पत्त्यांचा. आमच्यासारख्या नोकरदारांना एमएस-सीआयटी करावं लागलं तेव्हा माउस हातात धरायला आम्ही शिकलो ते सॉलिटेअरवर. पन्नाशीची माणसं, घाम पुसत इस्पिकची राणी उचलून बदामच्या राजावर ठेवतायत असं ते दृश्य. हा गेम विंडोजबरोबर १९९० साली आला. वेस चेरी नावाच्या एका इंटर्न पोरानं तो लिहिला आणि त्याला त्याचे मानधन म्हणून काहीच मिळालं नाही. जगातल्या किती कचेऱ्यांतल्या किती दुपारी त्या पोरानं सुसह्य केल्या असतील! पुढे २०१२ साली विंडोज ८ आलं, तो साधा गेम निघून गेला, आणि त्या जागी आलेल्या नव्या सॉलिटेअरमध्ये जाहिराती सुरू झाल्या. जाहिराती नको असतील तर महिन्याची वर्गणी भरा. पत्त्यांना वर्गणी! आमच्या आजोबांच्या ओसरीवर एक तेलकट कॅट वीस वर्षं चालला. त्यात चौकटची सत्ती हरवली होती तर पोस्टकार्डाचा तुकडा कापून घातला होता. त्यांना कुणी म्हटलं असतं की काका, दर महिन्याला पैसे द्या, नाहीतर प्रत्येक डावानंतर मी साबणाची जाहिरात म्हणून दाखवतो, तर आजोबांनी त्याला काठी घेऊन वेशीपर्यंत पोचवला असता.

आता प्रिन्सकडे.

शाळेत आमच्याकडे २००० नंतर कधीतरी आठ संगणक आले. मधल्या सुट्टीत मुलं तिथं घुसायची आणि 'डेव्ह' नाहीतर 'प्रिन्स' खेळायची. एकदा मी तिघांना पकडलं, बाकावर उभं केलं आणि संगणकाच्या सरांना सांगून ते गेम काढायला लावले. त्या तिघांतला एक आता संगणक दुरुस्त करतो. फळांच्या प्रकरणानंतर मी फोनवरचं सगळं पुसून टाकलं आणि त्याला म्हटलं, मला पत्र लिहायला, हे असलं काहीबाही लिहायला एक स्वस्तातला संगणक हवा. कुठल्याशा कचेरीनं काढून टाकलेला एक डबा त्यानं साडेसहा हजारांत मॉनिटरसकट आणून बसवला. जाताना म्हणाला, "बाई, एक गोष्ट टाकलीय त्यात. तुम्ही रागावणार नसाल तर सांगतो." तोच प्रिन्स! वीस वर्षांनी मुलानं जप्त केलेली वस्तू बाईंच्या घरात ठेवली.

खेळून बघितला. पहिल्या दिवशी अकरा वेळा मेले. खड्ड्यात पडून, खिळ्यांवर पडून, एकदा तर नुसती घाई करून. पण एकदाही पडद्यानं मला पैसे मागितले नाहीत. मेलात? पुन्हा पहिल्यापासून. इतकी साधी वागणूक मला फार दिवसांनी मिळाली होती.

मग मी या गेमची माहिती काढली. (काढणारच. धडा शिकवण्याआधी लेखक परिचय!) जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणानं हा जवळजवळ एकट्यानं केला, १९८९ साली, ॲपल-टू या संगणकासाठी. माणूस खराखुरा पळताना दिसावा म्हणून त्यानं आपल्या धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि एकेक चित्र त्यावरून उतरवून काढलं. तलवारीच्या लढाईसाठी १९३८ सालच्या रॉबिन हूडच्या सिनेमातलं दृश्य वापरलं. आता खरी गंमत. चित्रं इतकी झाली की संगणकात दुसरा कुठला शत्रू घालायला जागाच उरली नाही. मग त्यानं काय केलं, तर राजपुत्राचीच चित्रं उलटसुलट करून त्याची एक चमकती सावली बनवली. आरशातून ती बाहेर पडते, तुमच्या हातचं औषध पिऊन जाते, दार लावून घेते. गेममधलं सगळ्यात लक्षात राहणारं पात्र जागेच्या टंचाईतून जन्माला आलं! पगाराच्या शेवटच्या आठवड्यात उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा करणाऱ्या कोणत्याही बाईला हे लगेच कळेल.

(ज्यांना खेळायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा, रसभंग होईल.) शेवटाकडे ती सावली तलवार घेऊन समोर उभी राहते. तुम्ही तिला मारलं की रक्त तुमचंच सांडतं. मी तिथे नऊ दिवस अडकले होते. दहाव्या दिवशी कंटाळून तलवार म्यानात घातली, तर तिनंही घातली. पुढे चालत गेले आणि दोघं एक झाले. मंडळी, मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात गेले आणि पाणी प्यायले. हे कुणाला तरी सांगावं असं इतकं वाटलं, आणि घरात कुणी नव्हतं. त्या बोटाएवढ्या माणसानं मला जे दिलं ते भाच्याच्या भिंतीएवढ्या पडद्यावरचा माणूस देतो का, मला माहीत नाही. देतही असेल. पण 'बोटाएवढा' हा काही आक्षेप होत नाही. साठ मिनिटांची मुदत आहे त्यात, तेवढ्यात राजकन्येपर्यंत पोचायचं. मला चार महिने लागले. आणि मग तो संपला. फळ्यावरचं गणित सुटावं तसा संपला. मी संगणक बंद केला, भात लावला.

'ग्राफिक्स बघवत नाहीत' म्हणणाऱ्यांना मी आमच्या वेरूळला नेणार आहे. एकविसाव्या लेण्यात, रामेश्वर म्हणतात त्याला, शिवपार्वती सारीपाट खेळतायत. सहाव्या शतकातलं काम. दगड झिजलाय, बारकावे गेलेत. तरी पार्वतीची बसण्याची ऐट बघा आणि डाव कुणाच्या बाजूनं चाललाय ते सांगा. तिथे कुणी म्हणत नाही की चित्र जुनं आहे, नवं आलं की बघू. पुस्तकांचंही तेच. बलवंत वाचनालयातून पन्नास वर्षांपूर्वीची कादंबरी आणली तर आपण तिला 'गरिबांची कादंबरी' म्हणत नाही, अभिजात म्हणतो. मग एकट्या गेमवरच हा शिळेपणाचा शिक्का का? कारण उघड आहे. जुना गेम तुम्हाला पुरला तर नवीन यंत्र विकायचं कुणाला?

भाच्यानं अर्णवला पीएस-५ घेतला. लाडका मुलगा आहे, घ्यावा. पण हिशेब बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो भारतात आला तेव्हा ४९,९९० रुपयांना होता. पुढच्याच वर्षी तो ५४,९९० झाला. जुन्या होणाऱ्या वस्तूची किंमत चढते हे मी सोनं आणि जमीन सोडून प्रथमच पाहिलं. वर एकेक नवा गेम पाच हजारांच्या घरात. माझ्या जमाखर्चाच्या वहीत 'करमणूक - खेळ' या नावाखाली महिना शंभर रुपये आहेत. वर्षाचे बाराशे. (दिवाळी अंक वेगळ्या खात्यात, ते आता पुन्हा तीन.) म्हणजे त्यांच्या एका गेममध्ये माझी चार वर्षं निघतात.

आणि एवढे पैसे देऊन वस्तू तुमची होते का? तर तेही नाही. 'द क्रू' नावाचा मोटारींचा एक गेम २०१४ साली आला. लोकांनी रोख पैसे मोजून घेतला. मार्च २०२४ अखेर कंपनीनं तिकडचे सर्व्हर बंद केले आणि गेम सगळ्यांसाठी संपला, एकट्यानं खेळायचा भागसुद्धा. त्यावरून युरोपात मोठी सह्यांची मोहीम झाली, दहा लाखांच्या वर सह्या पडल्या. आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली. बंदी योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. पण ज्या पोरांनी वाढदिवसाचे पैसे त्यातल्या टोप्या आणि कोट घेण्यात घातले होते, त्यांच्या हातात काय उरलं? माझ्या प्रिन्सला कुठल्या सर्व्हरची परवानगी लागत नाही. दिवे गेले तर बंद पडतो, एवढाच दोष.

आता 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्या माझ्या समवयस्कांनाही दोन शब्द. जुनं ते सोनं वगैरे काही नाही! नव्वदच्या दशकात गल्लीबोळांत व्हिडिओ पार्लरं होती, आठवतं? रुपयाचं नाणं टाका आणि 'मुस्तफा' खेळा. (त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', १९९३. हिरव्या शर्टाच्या मुस्तफामुळे आपल्याकडे ते नाव पडलं.) ती यंत्रं नाणी खाण्यासाठीच बनवलेली होती. तुम्ही लवकर मरावं हाच त्यांचा धंदा. आमच्या शाळेची कित्येक मुलं घरच्या किराणाच्या पैशातला रुपया तिकडे घालून यायची. म्हणजे माझ्या फळांच्या गेमचे आजोबाच ते. तेव्हा वय बघून गेम निवडू नका. पैसे कधी आणि किती वेळा मागतो ते बघा.

दुसरी कबुली. स्वस्त जुने गेम म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर येते ती 'एकशे एक गेम' लिहिलेली वीस-तीस रुपयांची सीडी. ती चोरीची होती. आपण तिला 'कॉपी' म्हणायचो. जन्मभर परीक्षेत कॉपी पकडणाऱ्या बाईच्या घरात कॉपीचा प्रिन्स? माझ्या त्या विद्यार्थ्याला मी हे विचारलंच. तो म्हणाला, "बाई, मेकनरनं स्वतः मूळ प्रोग्राम २०१२ साली सगळ्यांसाठी खुला केलाय." हे खरं आहे. त्याच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात जुन्या डिस्क सापडल्या, त्यातून तो वाचवला. तरी खुला केलेला तो प्रोग्राम, आणि गेमची मालकी वेगळी, हे मला कळतं. मग माझी भूमिका काय? मालक वस्तू विकत असेल तर पैसे देऊनच घ्यायची, शंभर रुपयांसाठी चोरी करायची नाही. मालकानं मोफत दिली असेल तर आनंदानं घ्यायची. आणि मालक विकतही नाही, देतही नाही, कोठारात कुजवतोय? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ साली अभ्यास केला. २०१० पूर्वी तिकडे आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज कुठल्याच दुकानात रीतसर मिळत नाहीत. अशा वेळी ते जपून ठेवणाऱ्याला मी चोर म्हणणार नाही. पोथी वाळवीच्या तोंडातून काढणाऱ्याला आपण चोर म्हणतो का? कुणाला हे पटणार नाही. त्यांच्याशी मी चहावर वाद घालायला तयार आहे.

आता कामाचं बोलू. भावजया आणि मैत्रिणी विचारतात, तुला हे मिळतं कुठून?

यंत्राची काळजी करू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीनं थांबवला आणि धडधाकट संगणक 'जुने झाले' म्हणून कचेऱ्यांतून बाहेर पडले. जुन्या गेमना ते ऐरावत आहेत. विंडोज नको असेल तर लिनक्स मिंट फुकट आहे. घेताना चालू करून अर्धा तास बसा. मागच्या पंख्याचा खरखर आवाज येतोय का, तारीख दर वेळी मागे जाते का (आतला छोटा सेल गेलेला असतो, स्वस्तात बदलतो), एवढं बघा. हार्ड डिस्कच्या जागी लहानशी एसएसडी टाकून घ्या, फरक पडतो. मी रविवारी जाफर गेटच्या बाजारातून कीबोर्ड आणला, तीन बटणं बसलेली निघाली. तिथं घ्यायचं तर प्रत्येक बटण दाबून बघून घ्या, लाजू नका. आपण भेंडीसुद्धा मोडून बघतो.

अगदी काही घ्यायचं नसेल तर इंटरनेट अर्काइव्ह या ग्रंथालयानं जानेवारी २०१५ मध्ये हजारो डॉस गेम ब्राउझरमध्येच खेळता येतील असे ठेवले. घरी उतरवून खेळायचे तर डॉसबॉक्स नावाची सोय आहे, ती नव्या संगणकाला जुना झाल्याची बतावणी करायला लावते. पोलंडमधल्या लोकांनी २००८ साली जुन्या गेमचं दुकान काढलं, गॉग. तिथे घेतलेली वस्तू कुलपाशिवाय मिळते, डिस्कवर काढून कपाटात ठेवता येते. स्टीमवर २०१५ पासून रुपयांत भाव असतात, आणि सेलमध्ये कितीतरी चांगले जुने गेम शंभराच्या आत येतात. घाई करायची नाही. तूर घरात ठेवून भावाची वाट बघणाऱ्या मराठवाड्याला हे काय शिकवायचं!

'बिनीथ अ स्टील स्काय' हा १९९४ चा गेम त्याच्या निर्मात्यांनीच २००३ साली मोफत करून टाकला. नायक कचऱ्याच्या ढिगाऱ्यात वाढलेला, त्याचं आडनाव बिअरच्या डब्यावरून ठेवलेलं, आणि सोबत एक तोंडाळ यंत्रमानव. पण संवादच संवाद, तेही इंग्रजीतले. माझं इंग्रजी मराठी माध्यमाचं. शब्दकोश मांडीवर घेऊन निम्म्यापर्यंत पोचलेय. इथे माझी खरी तक्रार आहे, आणि ती जुन्या-नव्या दोघांवर आहे. एवढ्या वर्षांत मराठीत धड गेम नाहीत. म्हणून मी कमी बोलणारे गेम निवडते.

आणि सध्या ज्यानं मला वेड लावलंय तो 'ओपन टीटीडी'. क्रिस सॉयर या माणसाच्या १९९४ च्या 'ट्रान्सपोर्ट टायकून'वरून हौशी लोकांनी २००४ पासून हा लिहीत आणला. पूर्ण मोफत, जाहिरात नाही, दुकान नाही. रस्ते बांधा, रूळ टाका, गाड्या चालवा. गावांची नावं बदलता येतात म्हटल्यावर मी काय केलं असेल? पैठण, सिल्लोड, कन्नड, वैजापूर, गंगापूर. आणि लाल गाड्या! यांनी अठ्ठावीस वर्षं एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. वेळापत्रकं घरी आणून जमिनीवर पसरायचे. तेव्हा मी वैतागायचे की जेवायला जागा नाही. आता कळतं की एका फाट्यावर दोन गाड्या अडकल्या की मागच्या सात कशा अडकतात. बऱ्याचदा मोठ्यानं म्हणते, अहो, आता ही कुठून वळवू? (२०५० सालानंतर तो तुमच्या कारभाराचा निकाल लावतो. पुढेही खेळता येतं, पण मी तिथे थांबायचं ठरवलंय. नाहीतर फळांची बहीणच ती.)

अर्णव भाऊबीजेनंतर दोन दिवस माझ्याकडे राहायला होता. बारा वर्षांचा आहे. पहिल्या संध्याकाळी माझ्या खुर्चीत बसला, वैजापूरच्या गाड्या बघितल्या, सगळी बटणं दाबून झाली आणि विचारतो, "आजी, यात स्टोअर कुठंय?" म्हटलं, नाही रे. "मग जास्त गाड्या कशा घ्यायच्या?" म्हटलं, आहेत त्या नीट चालव, पैसे मिळतील, मग घे. त्याला ते पटायला अर्धा तास लागला. जाताना त्यानं कन्नडला एक डेपो बांधून ठेवला होता, रस्त्याच्या अगदी चुकीच्या बाजूला. मी तो अजून पाडलेला नाही.

वहिनी, जपमाळही ओढते हो मी, सकाळी. संध्याकाळ मात्र माझी आहे. आणि भाचेबुवा, पुढच्या वेळी याल तेव्हा तुमचा तो भिंतीएवढा गेम जरूर दाखवा, मी मनापासून बघेन. फक्त त्यात मध्येच पैसे मागितले तर मी उठून जाईन. (ह. घ्या.)

आता पुरे करते. सिल्लोडच्या थांब्यावर दीडशे माणसं खोळंबलीयत आणि पैठणची गाडी पुन्हा मध्येच बंद पडलीय.